साडेतीन प्रांतांचा हर्लिंग मोसम

फिजिओथेरपिस्ट म्हणजे मालिश करणारी बाई, हा समज मी पुण्यात पुरेसा सोसला होता. न्यूझीलंडला आले तर तो बिनव्हिसाचा माझ्या मागोमाग हजर. इथल्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत लोक एका हातात वाटी सांभाळत मला दुसरा खांदा दाखवतात. "क्लिनिकला या," म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू मी मोदक परत मागितला. म्हणून आधीच सांगून टाकते. आमचं काम दुखरा भाग चोळण्याचं नाही. तो का दुखतो ते शोधायचं, त्याला पुन्हा कामाला लावायचं, आणि तो कामाला लागेपर्यंत त्याच्या मालकाला दम धरायला लावायचं. हातपाय ऐकतात. मालक ऐकत नाहीत. मालकांमध्ये सगळ्यात वाईट म्हणजे खेळाडू, आणि खेळाडूंपेक्षा वाईट म्हणजे खेळाडूंचे मॅनेजर. अशा एका मोसमाची ही गोष्ट आहे. नावं बदलली आहेत आणि संघांची तर सांगतच नाही, कारण त्यातले निम्मे लोक अजून माझे पेशंट आहेत.

माझं क्लिनिक हेन्डरसनला, म्हणजे ऑकलंडच्या पश्चिमेला. तिथे सगळ्या प्रकारची माणसं येतात आणि "कसं वाटतंय?" या एका प्रश्नाला प्रत्येकाची वेगळी उत्तरं असतात. इथला किवी माणूस म्हणतो, "ऑल गुड," आणि लंगडत खुर्चीपर्यंत जातो. आपला पुण्या-मुंबईचा आयटीवाला उत्तरच देत नाही, फोन काढून मणक्यांची माहिती मलाच वाचून दाखवतो आणि शेवटी विचारतो, "म्हणजे तुमचंही हेच मत आहे ना?" आयरिश माणूस म्हणतो, "ग्रँड." ग्रँड म्हणजे भव्य, असं मला शाळेत शिकवलं होतं. आयरिश माणूस मात्र खरचटल्यापासून हाड मोडण्यापर्यंत सगळ्याला ग्रँड म्हणतो, हे मला डेक्लनने शिकवलं.

डेक्लन घरांची छपरं घालणारा ठेकेदार होता. तरुणपणी आयर्लंडहून आलेला, आता पन्नाशीचा, रुंद, लालबुंद, गोड बोलणारा. ख्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर आयर्लंडहून सुतार आणि छपरंवाले मोठ्या संख्येने या देशात आले. त्यातले काही ऑकलंडला उतरले ते तिथेच रमले, आणि त्यातले बरेच डेक्लनकडे कामाला लागले. तो माझ्याकडे खांदा घेऊन आला. खांदा इतका जाम होता की त्याला स्वतःची कॉलर नीट करता येत नव्हती, पण अर्थातच ग्रँड होता. मी तो काही महिन्यांत हलता केला. शेवटच्या दिवशी हात वर करून बघत तो म्हणाला, "सू, तुला हर्लिंग माहीत आहे का?"

माझं नाव सुनेत्रा. त्याने पहिल्याच दिवशी त्यातलं परवडेल तेवढं घेतलं होतं.

हर्लिंग म्हणजे काय ते सांगते. हॉकीची काठी घ्या आणि तिचं टोक पसरट करा. ती डोक्याच्या वर फिरवायला परवानगी द्या. चेंडू चामड्याचा, लहान आणि टणक. तो हाताने झेलायचीही मुभा. मग दोन्ही संघांना ओल्या गवतावर पळत एकमेकांच्या इतकं जवळ जाऊ द्या की कुठली काठी कोणाची ते कळू नये. रग्बीसारखे एच आकाराचे खांब असतात. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालच्या जाळीत गेला तर तीन. काठी मोडली की मैदानभर हळहळ होते. बोट मोडलं तर कोणी वळून बघत नाही.

आयर्लंडचे चार प्रांत आहेत आणि त्यांच्यात या खेळाची जुनी स्पर्धा होते. इथल्या आयरिश मंडळींच्या मनात आलं की न्यूझीलंडमध्येही आंतरप्रांतीय स्पर्धा हवी. या देशात प्रांत म्हणून जे होते ते कधीच मोडीत निघाले. आता ते वर्षातल्या एका सुट्टीपुरते उरले आहेत. पण हौसेला भूगोल आडवा येत नाही. उत्तरेचा एक संघ झाला, म्हणजे आमचा. राजधानी वेलिंग्टनचा एक, दक्षिणेचा एक. प्रांत चारच असायला हवेत, म्हणून उरलेल्या देशाचा मिळून चौथा. त्या उरलेल्या देशात मेंढ्या भरपूर आणि हर्लिंग खेळणारे मोजके, त्यामुळे तो संघ कधी पुरा भरलाच नाही. मुहूर्त साडेतीन असू शकतात तर प्रांत का नाहीत, असं मी माझ्या नवऱ्याला म्हटलं आणि आमच्या घरात त्या स्पर्धेचं नाव साडेतीन प्रांत पडलं.

"आम्हाला फिजिओ हवी," डेक्लन म्हणाला. आमच्या संघाचा मॅनेजर तोच होता. "या वर्षीपासून नियम झालाय. मैदानाच्या कडेला फिजिओ नसेल तर सामना होत नाही."

म्हणजे मी त्यांना गोलपोस्टसारखी हवी होते: जागेवर असावी, बोलू नये. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी हो म्हटलं, कारण क्लिनिकमध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकलेल्या माना बघून मी कंटाळले होते. पुण्यात मी कबड्डीच्या संघांबरोबर गावोगाव फिरले होते. मैदानाची मला ओढ होती.

नवरा विनायक वेलिंग्टनच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. त्याने विचारलं, "हे रग्बीसारखं असतं का?"

"रग्बीत काठी नसते," मी म्हटलं.

मोसम वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, सुरू झाला. हिवाळाभर मैदानं रग्बीची आणि उन्हाळाभर क्रिकेटची, त्यामुळे मधल्या फटीत जे मिळेल त्यावर आमचा सराव. त्यांची समिती बघून मला परकं वाटलंच नाही. एक अध्यक्ष, अनेक माजी अध्यक्ष, माजी अध्यक्षांचे दोन गट, आणि खुर्च्या मांडणारी एकच बाई. आपल्या मंडळाला आयरिश टोपी घातली की झालं. खेळाडू मात्र लोभस होते. एकदा बचावातल्या एका पोराने हात पुढे केला, तर त्याची करंगळी बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी वेगळ्याच दिशेला निघालेली. "जरा टेप लाव," तो म्हणाला, "ग्रँड आहे." मी त्याला एक्स-रेला पाठवलं. तो तिकडून परस्पर सरावाला परत आला, प्लॅस्टरवर हातमोजा चढवून, आणि मी ओळखलं तेव्हा मनापासून खट्टू झाला.

संघाचा हिरो होता टाइग. त्याचं नाव इंग्रजीत असं काही लिहितात की मी पहिल्या दिवशी ते 'ताडग' वाचलं आणि अख्ख्या संघाने काठ्या आपटल्या. मी म्हटलं, देवनागरीत लिहून द्या, एकदाही चुकणार नाही. टाइग पंचविशीचा, काटक, कमी बोलणारा, डेक्लनच्या टोळीत छपरं घालणारा. मैदानावर मात्र तो कुठून यायचा आणि चेंडू कधी घेऊन जायचा ते समोरच्याला तो गेल्यावर कळायचं. मला काठी आणि चेंडूतलं फारसं कळत नाही, पण शरीरातलं कळतं. पळता पळता वळताना इतका सुंदर तोल मी त्याआधी एका कबड्डीपटूतच पाहिला होता.

चौथा प्रांत आमच्याशी खेळायला आला तेव्हा त्यांना माणसं कमी पडली. आमच्यातले दोघे त्यांना उसने देऊनही एक कमीच. विनायक तेव्हा बर्फाचा डबा धरून कडेला उभा होता. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. डेक्लनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू क्रिकेट खेळला आहेस ना?"

"कॉलेजात," विनायक म्हणाला. हे उत्तर नकारार्थी होतं, पण डेक्लनला नकार ऐकू येत नसे.

उसने बूट, उसनं हेल्मेट आणि उसनी काठी घेऊन माझा नवरा उरलेल्या न्यूझीलंडतर्फे मैदानात उतरला. बराच वेळ त्याने चेंडूशी सभ्य अंतर राखलं. मग चेंडूच उडत त्याच्याकडे आला आणि त्याने डोळे मिटून तो सरळ बॅटने मारावा तसा मारला. चेंडू आडव्या दांडीवरून गेला. आमच्याविरुद्ध एक गुण. तो फटका कुठवर गेला हे बघत विनायक तिथेच उभा राहिला, आणि आमच्या करंगळीवाल्याने त्याला सभ्यपणे जमिनीवर निजवलं. मी बॅग घेऊन धावले.

"कुठे लागलंय?"

"ग्रँड आहे," विनायक म्हणाला.

घरी आल्यावर त्याची ग्रँड मांडी निळी-जांभळी झाली आणि तो जिना बसून उतरू लागला. पण त्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला त्याने चकली हातात धरून सांगितलं की आपण आता न्यूझीलंडमध्ये प्रांतिक पातळीवर खेळलो आहोत. ते खोटं नव्हतं, हेच माझं दुर्दैव. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला पुढच्या वर्षीच्या क्रीडा समितीत घेतलं.

इथवर सगळी गंमत होती. साखळीतला शेवटचा सामना दक्षिणेच्या संघाशी, आमच्या मैदानावर. जिंकलो तर अंतिम सामना वेलिंग्टनला. आम्ही पुढे होतो आणि वेळ थोडाच उरला होता. चेंडू उंच गेला, टाइग आणि समोरचा दांडगा एकाच वेळी उडाले, आणि त्या दांडग्याचं कोपर टाइगच्या हेल्मेटवर कानाच्या वर आदळलं. टाइग पडला, लगेच उठला, काठी शोधू लागला. काठी त्याच्या हातातच होती.

मी पोहोचले तेव्हा तो हसत होता. डोक्याला लागलं की आम्ही साधे प्रश्न विचारतो. शेवटचा गुण कोणी केला? कितवा हाफ चालू आहे? आपण कुठल्या मैदानावर आहोत? तिसऱ्या प्रश्नाला टाइगने अगदी शांतपणे त्याच्या आयर्लंडमधल्या गावच्या मैदानाचं नाव सांगितलं.

मी पंचांना खूण करून त्याला बाहेर काढलं. डेक्लन धावत आला. "तो चेष्टा करतोय, सू. तो तसाच आहे."

"मग आज बाहेर बसून चेष्टा करू दे."

हे काय असतं ते बाहेरच्यांना नीट सांगायला हवं, कारण समितीतल्या शहाण्यांनाही ते कळत नव्हतं. एका भांड्यात छान लागलेलं दही आहे आणि कोणी ते भांडं जोरात हिसडलं. भांडं शाबूत आहे, चीरही नाही, पण आत दही मोडलंय. मेंदूचं साधारण तसं होतं. एक्स-रेत काही दिसत नाही. माणूस चालतो, बोलतो, हसतो. हेल्मेट भांडं वाचवतं, दही नाही. त्यावर औषध एकच, काही आठवडे विश्रांती, आणि डॉक्टर सांगेपर्यंत मैदान बंद. ते बरं व्हायच्या आत पुन्हा हिसका बसला तर काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. अंतिम सामना पुढच्याच शनिवारी होता.

मंगळवारी समितीने मला चहाला बोलावलं. सँडविच होते, केक होता, दोन्ही गटांचे माजी अध्यक्ष शेजारी शेजारी बसले होते. एवढी एकी पाहूनच मी सावध झाले.

अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे, निवृत्त, अतिशय सुसंस्कृत गृहस्थ. ते म्हणाले, "तुझं काम आम्हाला फार आवडतं. फक्त एक शंका. ही मानेची लचक असू शकते का?"

"मानेची लचक असं म्हणता येईल," मी म्हटलं. "पण ती मानेत नाही."

"तू आमच्या खेळात नवीन आहेस ना. आमच्याकडे पोरं याहून मोठे फटके खाऊन खेळली आहेत."

"खेळ मला नवीन आहे. डोकं तेच जुनं आहे."

डेक्लनने केकची बशी माझ्यापुढे सरकवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंतिम सामना इंटरनेटवरून आयर्लंडला दिसणार आहे. लोक बघणार आहेत, सू."

मी केक खाल्ला. तो चांगला होता. माझं मत काही बदललं नाही.

गुरुवारी टाइग स्वतः क्लिनिकला आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, लग्नाची मुलगी बघायला निघाल्यासारखा. म्हणाला, "मी बरा आहे. टेस्ट घे."

या टेस्टमध्ये एक भाग असा असतो की आम्ही पाच शब्द सांगतो आणि पेशंटने ते लक्षात ठेवून म्हणायचे. शब्दांचे ठरलेले संच असतात. मी म्हटलं, "बरं, आता मी काही शब्द सांगणार आहे," आणि मी पहिला शब्द सांगायच्या आत टाइगने ते पाचही शब्द घडाघडा म्हणून दाखवले.

काय झालं ते त्याच्याही हळूहळू लक्षात आलं. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर चाचपत तो खाली बघत राहिला. सगळा आठवडा त्याने ते शब्द पाठ केले होते. पाठांतर जमलं होतं. ते कधी म्हणायचं तेवढं विसरला होता.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीने दार किलकिलं केलं. "बाहेर कोणाची तरी यूट उभी आहे. इंजिन चालू आहे आणि दार सताड उघडं आहे."

यूट म्हणजे इथे कामगार वापरतात ती मागे उघडी असलेली गाडी. ती टाइगची होती. मी जाऊन बंद केली. मागे शिडी होती, पत्रे होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू या आठवड्यात कामावर गेलास?"

"हो."

"छपरावर?"

"छपरंच घालतो मी," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझे बाबा गावच्या पबमध्ये सगळ्यांना घेऊन मॅच बघणार आहेत. घरी असताना मला जिल्ह्याच्या संघात कोणी घेतलं नाही. दोनदा गेलो, दोनदा परत पाठवलं. इथे मी कोणीतरी आहे."

मी त्याला पाणी दिलं, त्याच्या यूटची किल्ली माझ्याकडे ठेवली, आणि आमच्याच इमारतीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी खेळ आणि काम दोन्ही बंद केलं. मग मी डेक्लनला फोन केला.

"तू त्याला छपरावर पाठवत होतास?"

"तो म्हणाला, ग्रँड आहे."

"डेक्लन, तो त्या मैदानावर आयर्लंडमध्ये होता. तू शेजारी उभा होतास."

पलीकडे करवतीचा आवाज येत होता. मग डेक्लन म्हणाला, "एका फोनमध्ये तू माझा फॉरवर्डही काढून घेतलास आणि कामावरचा माणूसही. आणखी काही हवंय?"

"विमानाचं तिकीट," मी म्हटलं. "फिजिओ नसेल तर सामना नाही, म्हणालास ना."

वेलिंग्टनचा वारा ज्याने सोसला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मैदान टेकडीच्या कुशीत होतं आणि चेंडू मारला की तो आधी कुठे जायचं ते वाऱ्याला विचारत होता. टाइगही आला होता. ते ठीकच होतं, संघाबरोबर बसायला कोणाची हरकत नव्हती. पण बसताना त्याच्या अंगावर खेळाचे कपडे होते, गुडघ्यावर हेल्मेट होतं.

"फोटोसाठी," डेक्लन म्हणाला.

दुसऱ्या हाफमध्ये राजधानीचा संघ पुढे गेला. थोडाच, पण वारा आता त्यांच्या बाजूने होता. डेक्लन कडेने येरझारा घालत होता. मग तो बाकाकडे आला आणि टाइगला हाताने खूण केली: ऊठ, पाय मोकळे कर. टाइग उठला. मी त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि बर्फाच्या डब्यावर ते मांडीत घेऊन बसले. हेल्मेटशिवाय या खेळात कोणाला उतरता येत नाही. मला एवढा एकच नियम कामाचा वाटला होता आणि तो मी नीट वाचला होता.

"हेल्मेट दे, सू."

"नाही."

"तो सज्ञान आहे. त्याने ठरवायचं."

"ज्या डोक्याने ठरवायचं त्यालाच लागलंय."

"अख्खा संघ बघतोय."

"बघू दे."

डेक्लनचा आवाज खाली आला. गोड माणसाचा आवाज खाली आला की तो जास्त कडू लागतो. "तुझं काय जातंय? तू आमच्यातली नाहीस. उद्या तू तुझ्या क्लिनिकला जाशील."

मला ते लागलं. उत्तरही सुचलं होतं, पण तेवढ्यात टाइगने विचारलं, "स्कोअर काय झालाय?"

डेक्लनने मान न वळवता स्कोअर सांगितला. टाइग बरं म्हणाला. एक चेंडू बाहेर गेला, परत आला. टाइगने विचारलं, "स्कोअर काय झालाय?" डेक्लनने पुन्हा सांगितला, जरा चिडून. वाऱ्याने कोणाचा तरी झेंडा उडवला, लोक हसले. टाइगने तितक्याच सभ्यपणे तिसऱ्यांदा विचारलं.

या वेळी डेक्लन वळला. त्याने टाइगकडे नीट बघितलं. आठवड्याभरात मला वाटतं पहिल्यांदाच. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "बस, पोरा." माझ्याकडे न बघता तो पुन्हा कडेने येरझारा घालायला गेला.

आम्ही एका गुणाने हरलो.

'बस' हा शब्द डेक्लनचा होता. जेवणाच्या वेळेपर्यंत मात्र तो निर्णय फिजिओचा झाला होता. भाषणं झाली. पंचांचे आभार मानले, वेलिंग्टनच्या वाऱ्याचेही गमतीने मानले, सँडविच करणाऱ्या बायकांचे, बसच्या ड्रायव्हरचे, कोणा माजी अध्यक्षांच्या दिवंगत भावाचे. माझ्याशेजारी बसलेला करंगळीवाला माझ्या ताटात बटाटे वाढत राहिला. तो संघाचा अधिकृत आभारठराव असं मी समजले. पुढच्या मोसमात त्यांनी एक तरुण मुलगा आणला. तो मसाज उत्तम करायचा आणि, अध्यक्ष मला एका दुकानात भेटले तेव्हा म्हणाले त्याप्रमाणे, फार पॉझिटिव्ह होता.

मला तो खेळ आवडला होता, हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर काही वर्षं शनिवारी सकाळी माझे हात उगाच टेप शोधायचे.

टाइगला जरा बरं वाटायलाच कित्येक महिने लागले. उजेड सोसायचा नाही, आवाज सोसायचा नाही, फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसायचा. मी त्याला आधी घराभोवती चालवलं, मग रस्त्याच्या टोकापर्यंत, मग चढावर. या कामात टाळ्या नसतात. आज कालपेक्षा दोन घरं पुढे गेलो, एवढाच आनंद. समितीतलं कोणी फिरकलं नाही. डेक्लनने एकदा टाइगचे कामावर राहिलेले बूट टोळीतल्या एका पोराकरवी पाठवून दिले. उन्हाळा संपता संपता टाइग आयर्लंडला परत गेला. विमानतळावर विनायक आणि मी होतो. त्याने विनायकला आपली काठी दिली, म्हणाला, "प्रांतिक खेळाडूकडे एक असू दे."

मग बरीच वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी डेक्लन क्लिनिकच्या दारात उभा. केस पांढरे झालेले. बरोबर त्याची मुलगी, नीव. शाळेत शिकणारी, मुलींच्या हर्लिंग संघात खेळणारी. आदल्या दिवशी तिच्या डोक्याला काठी लागली होती. ती म्हणाली, "आय अॅम ग्रँड," आणि डेक्लन इतक्या जोरात "नाही" म्हणाला की रिसेप्शनवरची मुलगी दचकली.

मी नीवला तपासलं, डॉक्टरांकडे पाठवलं. तिला फार लागलं नव्हतं, पण लागलं होतं. बाहेर येऊन मी डेक्लनला विश्रांतीचं समजावू लागले, तर त्याने हात वर केला. तोच खांदा, छान वर गेला.

"तू सांगशील तितके आठवडे. मी विचारणार नाही."

"महिनाअखेरीला त्यांची फायनल आहे ना?"

"खड्ड्यात गेली फायनल."

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "तुमच्याकडे तर पोरं याहून मोठे फटके खाऊन खेळतात."

नीव गाडीकडे गेली तरी तो उभाच होता, हातातल्या किल्ल्या वाजवत. मग म्हणाला, "टाइग कसा आहे?"

"तुला माहीत नाही?"

"मी कधी फोन केला नाही." किल्ल्या खिशात टाकत म्हणाला, "नंबर देशील?"

पेशंटचा नंबर असा देता येत नाही. त्याला विचारून सांगते, म्हटलं. टाइगला मेसेज केला. तो आता गावातल्या शेतीसामानाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, अर्धा दिवस. शिडीवर चढत नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. खुशाल दे नंबर, त्याने लिहिलं होतं, फक्त फोन आमच्या सकाळी अकराला करायला सांग, तेव्हा माझी सुट्टी असते. दुपारनंतर डोकं दुखतं.

तिथले सकाळचे अकरा म्हणजे या दिवसांत आमची मध्यरात्र. डेक्लन पहाटे कामावर जाणारा, नऊ वाजता झोपणारा माणूस. मी त्याला निरोप जसाच्या तसा कळवला, शेवटच्या वाक्यासकट. त्याला जागं राहावं लागणार होतं, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.